घराचा पाया आणि आपली काळी माती

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या समारंभात ‘पाया’ हा शब्द हमखास कानी येतो. प्राथमिक शिक्षण हा जीवनाचा पाया आहे, विद्यार्थी हा राष्ट्राचा पाया आहे, अशी वाक्ये आपण नेहमी ऐकतो आणि ती खोटीही नाहीत. परंतु माझा व्यवसाय बांधकामाचा. त्यामुळे आज मी आपणांशी खऱ्याखुऱ्या पायाविषयी बोलणार आहे. जमिनीत खणलेला, दगड-सिमेंटने भरलेला आणि एकदा बुजवला की पुन्हा कोणाच्या दृष्टीस न पडणारा असा हा पाया. मराठीत त्याला पाया म्हणतात, उर्दूत बुनियाद म्हणतात. त्याखालची माती मात्र कोणाचीही भाषा न पाहता सर्वांना सारखीच वागवते.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. मोमिनपुरा, हंसापुरी यांसारख्या जुन्या दाट वस्त्यांतून अनेक कुटुंबे आता शहराच्या कडेला, नव्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधतात. कोणी भविष्यनिर्वाह निधी काढतो, कोणी घरातले दागिने मोडतो, कोणाचा मुलगा परदेशी नोकरी करून पैसे पाठवतो. सामान्य माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो. घर उभे राहते, रंग लागतो, पाहुणे येऊन जातात. दोन-तीन पावसाळे उलटतात आणि एके दिवशी खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर चढू लागते. मग कोणी सिमेंटला दोष देतो, कोणी मिस्त्रीला, कोणी नशिबाला आणि कोणी लोकांच्या नजरेला. बहुतेक वेळा खरे कारण पायाखाली असते. त्या कारणाचा विचार घर बांधण्यापूर्वी केला तर खर्च थोडा येतो. घर बांधल्यावर केला तर तोच खर्च अनेक पटींनी वाढतो.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. काळ्या मातीतले पाणी कमी-जास्त झाल्याने ती हलते, आणि ही हालचाल घराला तडे पाडते. म्हणून पाया मातीच्या हालचालीच्या खाली न्यावा आणि वरच्या मातीतले पाणी शक्यतो एकसारखे राहील असे करावे. पुढे मी जे सांगणार आहे ते सारे या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या महाराष्ट्रात जुन्या काळापासून गावच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. एक ‘काळी’ आणि दुसरी ‘पांढरी’. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या दस्तऐवजांत आणि खेड्यांतील बोलण्यात हे शब्द या अर्थाने येतात. गाव पांढरीवर वसे, नांगर काळीत चाले. बैल पोसणारी, कापूस-ज्वारी देणारी काळी जमीन घरासाठी वापरणे हे नुकसानीचे होतेच. शिवाय ती जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, हे शेतकऱ्याला कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

आता शहरे वाढली. ज्या शेतांत काल कापूस, तूर नाहीतर संत्र्याची बाग होती, तेथे आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जातात. म्हणजे आपण घर घेऊन पांढरीवरून काळीवर उतरलो. उतरण्यास हरकत नाही, पण उतरताना काळीचा स्वभाव ओळखून उतरले पाहिजे.

ही माती फुगते कशी?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्या लाव्ह्याचा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पत्थर. नागपुरात सीताबर्डीची टेकडी, ज्यावर किल्ला आहे ती, याच खडकाची. हा खडक ऊन-पावसाने हजारो वर्षे झिजून त्याची काळी माती झाली. शहराचा पश्चिम भाग या खडकाचा आहे. पूर्वेकडे व कामठीच्या बाजूला वेगळे, अधिक जुने खडक आणि वालुकाश्म लागतात. म्हणून नागपुरात एका वस्तीचा अनुभव दुसऱ्या वस्तीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज असते. त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक आणि पापुद्र्यांसारखे चपटे असतात. पुस्तकाची पाने जशी एकावर एक असतात तसे हे पापुद्रे रचलेले असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर सारते. पाणी गेले की पाने पुन्हा जवळ येतात. अशा एक ग्रॅम खनिजातील सर्व पापुद्रे उलगडून पसरले तर त्यांचे क्षेत्रफळ सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत भरते. एवढ्या पृष्ठभागाला पाणी धरून ठेवायचे असते, म्हणून ही माती इतकी फुगते आणि वाळताना इतकी आकसते.

आता याला आपल्या हवामानाची जोड द्या. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. शेतात इतक्या रुंद भेगा पडतात की त्यांत हात जातो. आणि वर्षभरात जो सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजे माती दरवर्षी एकदा पूर्ण आकसते आणि एकदा पूर्ण फुगते. ही हालचाल वरच्या थरात सर्वांत जास्त असते आणि खोल जावे तशी कमी होते. आपल्या देशात काळ्या मातीच्या प्रदेशासाठी हा हलता थर साधारण साडेतीन मीटर, म्हणजे जवळजवळ साडेअकरा फूट खोल धरण्याची पद्धत आहे. दगडी पाया जर तीन फुटांवरच थांबला, तर तो या हलत्या थराच्या पोटातच बसला असे समजावे.

हलक्या घराला धोका अधिक

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी, कारण ती आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. लोक म्हणतात, ‘आमचे घर एकमजली, त्याला कसला आला खोल पाया? खोल पाया मोठ्या इमारतीला.’ प्रत्यक्षात काळ्या मातीत हलके घर अधिक भोगते. एकमजली घराच्या पायावर दर चौरस मीटरला साधारण पाच ते दहा टन भार येतो. वाळलेल्या काळ्या मातीला पाणी मिळाले आणि तिला फुगायला जागा दिली नाही, तर ती वरच्या दिशेने दर चौरस मीटरला दहा-वीस टन आणि कधी त्याहूनही अधिक दाब देऊ शकते. मग हलके घर उचलले जाते. अनेक मजल्यांची इमारत आपल्या वजनानेच मातीला दाबून धरते. शिवाय तिचा पाया खोल नेलेला असतो आणि अभियंत्याने आखलेला असतो. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्याच्याच घराला मातीचा त्रास जास्त.

घर सर्व बाजूंनी सारखे वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. पण तसे होत नाही. पावसाळ्याच्या आरंभी बाहेरच्या भिंतींखालची माती आधी भिजते आणि घराच्या कडा उचलल्या जातात. घराच्या मध्यभागी मात्र ऊन-वारा लागत नाही, जमिनीतला ओलावा उडून जात नाही. वर्षानुवर्षे तेथे ओल साठत जाते आणि मधला भाग हळूहळू वर येतो. उन्हाळ्यात कडा वाळून खाली बसतात, मधला भाग वरच राहतो. भिंतीला हे वाकणे सोसत नाही, कारण वीट दाब सोसते पण ताण सोसत नाही. भिंतीचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे दारे-खिडक्यांचे कोपरे. भेग तेथूनच सुटते.

भेग वाचायला शिकावी

प्रत्येक भेग पायाची नसते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, त्या गिलावा लवकर वाळल्याच्या असतात. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यावर आडवी सरळ रेघ येते, ती बहुधा उष्णतेने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. पायाची भेग सहसा तिरपी असते, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, भिंतीच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडे दिसते, आणि एका टोकाला रुंद तर दुसऱ्या टोकाला निमुळती असते. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर घराच्या कडा खाली बसत आहेत किंवा मधला भाग वर येत आहे असा तर्क करता येतो. खाली रुंद असेल तर बहुधा याच्या उलट घडत असते.

काळ्या मातीच्या भेगेची आणखी एक खूण म्हणजे ती ऋतूप्रमाणे वागते. उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, किंवा याच्या उलट. पावसाळ्यात दार अडकू लागले म्हणून लगेच पायाला दोष देऊ नये. लाकूड स्वतःही ओलाव्याने फुगते. पण लोखंडी चौकटीचे दारही घासू लागले तर मात्र पायाकडे लक्ष द्यावे. तसेच मधल्या खोलीतली फरशी पोटासारखी वर आली असेल तर जोत्यात काळी माती भरली आहे, किंवा फरशी थेट तिच्यावर घातली आहे, असे बहुधा निघते.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. १९७३ साली अमेरिकेत जोन्स आणि होल्ट्झ या दोघांनी हिशेब मांडला, तेव्हा फुगणाऱ्या मातीने होणारे वार्षिक नुकसान दोन अब्ज डॉलरहून अधिक निघाले. पूर, वादळे आणि भूकंप यांनी मिळून तेथे होणाऱ्या सरासरी नुकसानापेक्षाही हा आकडा मोठा होता. इंग्लंडमध्ये १९७६ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा लंडनच्या आसपासची चिकणमाती आकसून असंख्य घरांना तडे गेले आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली. पूर-भूकंपाची बातमी होते. माती एका वेळी एकच भिंत फोडते, म्हणून तिची बातमी होत नाही.

प्लॉट घेण्यापूर्वी

प्लॉट घेताना आपण रस्ता किती फुटांचा, शाळा किती दूर, मशीद-बाजार किती जवळ, सातबारा कोणाच्या नावे, हे सर्व पाहतो. ते पाहिलेच पाहिजे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने महाराष्ट्रातील असे अनेक प्लॉट नियमित करून घेण्याची वाट मोकळी झाली. परंतु कागद नियमित झाल्याने खालची माती बदलत नाही. म्हणून आणखी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, जागा भरावाची आहे काय? जुनी मुरमाची खाण, विटांच्या भट्टीचा खड्डा, नाल्याचे पात्र किंवा कचऱ्याचा ढीग बुजवून पाडलेला प्लॉट वरून सपाट आणि छान दिसतो. असा भराव अनेक वर्षे खाली बसत राहतो, आणि तोही एकसारखा नव्हे. आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना विचारावे, ‘येथे पूर्वी काय होते?’ या प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, शेजारच्या घरांच्या भिंती पाहाव्यात. त्याच ले-आउटमध्ये पाच-दहा वर्षे उभी असलेली घरे म्हणजे फुकटची प्रयोगशाळा. त्यांना भेगा असतील तर घरमालकाला पाया किती खोल नेला होता ते विचारावे.

तिसरी गोष्ट म्हणजे पाणी कोठून येते आणि कोठे जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आपल्यापैकी अनेकांना ती पहाट आठवत असेल. सखल जागेतील घराचे जोते रस्त्याच्या उंचीपेक्षा पुरेसे वर हवे; आणि रस्त्यावर थरावर थर चढून रस्ताच उंच होत जातो, याचाही हिशेब आधी करून ठेवावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खड्डा खणून पाहणे. प्लॉटच्या निदान दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत माणूस उतरेल एवढा खड्डा घ्यावा. आपल्याकडे सहसा वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर माती, मग मुरूम आणि त्याखाली खडक, असा क्रम लागतो. मुरूम किती फुटांवर लागला ते दोन्ही खड्ड्यांत मोजावे. एका कोपऱ्यात चार फुटांवर आणि दुसऱ्या कोपऱ्यात नऊ फुटांवर मुरूम लागला, तर तो फरक खणण्यापूर्वीच कळलेला बरा. मग त्या मातीचा नमुना तपासणीस द्यावा. या तपासणीचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या मानाने फार थोडा असतो.

एक तपासणी तर इतकी सोपी आहे की विज्ञानाच्या शिक्षकांनी ती शाळेत करून दाखवावी अशी माझी विनंती आहे. १९७७ च्या भारतीय मानकात ती सविस्तर दिली आहे. भट्टीत वाळवलेली, बारीक चाळणीतून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम घ्यावी. शंभर मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत ती घालून एकात शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरावे, ढवळून आतली हवा काढावी आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेल मातीच्या पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून त्यातली माती फुगत नाही. पाण्यातली फुगते. समजा, रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत राहिली आणि पाण्यात २० पर्यंत आली, तर फुगवट शंभर टक्के झाली. पन्नास टक्क्यांखाली असेल तर काळजी कमी. पन्नास ते शंभर मध्यम. शंभर ते दोनशे जास्त. त्याहून वर असेल तर अतिशय जास्त समजावी. दोन बरण्यांतला हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की मूल तो जन्मभर विसरत नाही.

पाया घालण्याच्या तीन वाटा

पहिली वाट खोल जाण्याची. मुरूम पाच-सात फुटांत लागत असेल तर काळी माती पार करून कॉलमचा पाया मुरमावर बसवावा. भारतीय मानकांप्रमाणे पाया जमिनीखाली किमान पन्नास सेंटिमीटर हवा. पण ही किमान मर्यादा सर्वसाधारण जमिनीसाठी आहे, काळ्या मातीत तिच्यावर भिस्त ठेवू नये. सर्व कॉलम एकाच प्रकारच्या थरावर बसावेत. दोन मुरमावर आणि दोन काळ्या मातीवर, असे कधीही करू नये.

दुसरी वाट, मुरूम फार खोल असेल तर. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने, जी १९४७ साली स्थापन झाली, फुगणाऱ्या मातीसाठी आपल्या देशात ‘अंडर-रीम्ड पाइल’ ही पद्धत रूढ केली. जमिनीत हाताच्या गिरमिटाने गोल भोक पाडतात आणि तळाशी ते कांद्यासारखे रुंद करतात. हा कांदा सहसा खांबाच्या व्यासाच्या अडीच पट असतो. त्यात सळया घालून काँक्रीट भरतात. फुगणाऱ्या मातीत अशा खांबाची लांबी किमान साडेतीन मीटर ठेवण्याचा नियम आहे, म्हणजे तळचा कांदा हलत्या थराच्या खाली जाऊन नांगरासारखा रुततो. वर सर्व खांब तुळईने जोडतात. आणि ही तुळई जमिनीला टेकू न देता खाली निदान आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडतात, म्हणजे माती फुगली तरी ती तुळईला ढकलत नाही. बरेच मिस्त्री ही मोकळी जागा नंतर माती-रेतीने भरून टाकतात आणि केलेल्या खर्चावर पाणी पडते. तेव्हा घरमालकाने त्या वेळी स्वतः उभे राहून पाहावे.

तिसरी वाट माती बदलण्याची. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ संशोधन केले. काळी माती काढून तेथे रेती भरण्याची जुनी पद्धत पुरी पडत नाही, कारण रेतीत पाणी साठून राहते आणि तेच खालच्या मातीला मिळते. त्यांनी असे दाखवले की चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती, उदाहरणार्थ योग्य जातीचा मुरूम, सुमारे एक मीटर जाडीच्या थराने नीट दाबून घातली तर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा वर पोहोचत नाही. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर या पद्धतीचा उपयोग झाला.

वाट कोणतीही असो, काही नियम समान आहेत. पाया खणण्याचे काम कोरड्या दिवसांत काढावे आणि पावसापूर्वी जमिनीच्या वर आणावे. चर खणून तो महिनाभर उघडा ठेवू नये. खणून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नये. पैसे वाचवण्यासाठी हे सर्रास केले जाते आणि पुढे फरशी फुगते. जोत्यात मुरूम भरावा, अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर घालून, पाणी मारून, धुमसाने ठोकून. जोत्याच्या आणि दारांच्या पातळीवर सळयांचा सलग पट्टा घ्यावा, म्हणजे घर एका पेटीसारखे वागते. आणि कोणती वाट धरायची हे ठेकेदाराने नव्हे, तर मातीचा अहवाल पाहून अभियंत्याने ठरवावे.

घर आधीच बांधले असेल तर

आपल्यापैकी बहुतेकांचे घर बांधून झाले आहे. त्यांनी निराश होऊ नये. पाया बदलता येत नसला तरी पाणी सांभाळता येते, आणि निम्मे काम त्यातच आहे.

घराभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेरच्या बाजूस उतरती पक्की फरशी करावी. गच्चीचे पाणी पाइपाने भिंतीपासून दूर न्यावे. शोषखड्डा आणि सेप्टिक टँक भिंतीला चिकटून ठेवू नये. न्हाणीघराचे पाइप गळत असतील तर आजच दुरुस्त करावेत. भिंतीत दिसणारी ओल हा त्याचा दृश्य भाग असतो, पाणी पायाखाली किती गेले ते दिसत नाही.

कूलरची गोष्ट तर खास नागपूरची. एप्रिल-मेमध्ये सारी जमीन वाळून फाटलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी एका खिडकीखाली कूलरची टाकी ओसंडून रात्रंदिवस पाणी ठिबकत राहते. म्हणजे घराची एक बाजू मे महिन्यातच पावसाळ्यात असते आणि उरलेल्या तीन बाजू उन्हाळ्यात. काळ्या मातीवरच्या घराला याहून वाईट काय द्यावे? कूलरचे जादा पाणी नळीने दूर सोडावे किंवा बादलीत धरून वापरावे.

झाडे लावावीत, पण अंतरावर. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, निदान तेवढे ते घरापासून दूर असावे, असा साधा नियम आहे. कडुनिंब, पिंपळ, निलगिरी यांची मुळे उन्हाळ्यात खोलवरचे पाणी ओढून घेतात. मात्र घराजवळचे जुने मोठे झाड एकाएकी तोडूही नये. त्याने वर्षानुवर्षे सुकवलेली माती पुन्हा ओलावा घेऊन फुगते आणि उलटाच त्रास होतो.

भेग पडलीच असेल तर लगेच सिमेंटने बुजवू नका. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, मधे रुंदी मोजा आणि दर महिन्याला, वर्षभर, एका वहीत नोंद ठेवा. हे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुला-मुलीकडे द्यावे. वर्षाच्या शेवटी त्या वहीवरून अभियंत्याला जे कळेल, ते एका भेटीत भिंत पाहून कळणार नाही. भेग स्थिर असेल तर बुजवावी. ऋतूप्रमाणे हलत असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा. आणि सतत वाढतच असेल, किंवा कॉलम-तुळईला गेली असेल, तर वर्षभर वाट न पाहता ताबडतोब जाणकाराला बोलवावे. ज्या घरांत पुराचे पाणी शिरून गेले असेल, त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात विशेष लक्ष ठेवावे, कारण माती खोलवर भिजली असेल तर ती वाळताना तितकीच खोलवर आकसते.

विद्यार्थ्यांना दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, मातीचे शास्त्र हे आधुनिक शास्त्रांत तसे तरुण आहे. त्याचा पाया घालणारे कार्ल टेर्झागी हे ऑस्ट्रियन अभियंते पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूल शहरी शिकवत होते. तेथे तुटपुंज्या साधनांनी, स्वतः जुळवलेल्या उपकरणांवर त्यांनी चिकणमातीचे प्रयोग केले आणि १९२५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठी प्रयोगशाळा नसताना त्यांनी हे काम केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तुमच्या शहरात तर साधने आहेत. १९१४ पासूनचे शासकीय तंत्रनिकेतन येथे आहे. १९६० साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून चालते. देशभरच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, अमरावती रस्त्यावर आहे. आपल्या समाजात हाताने उत्तम काम करणारे गवंडी, सुतार, फिटर पुष्कळ आहेत. त्यांची मुले स्थापत्य पदविका घेऊन, मातीचा अहवाल वाचून, नकाशा आखू लागली तर बापाच्या हातातले कसब आणि मुलाच्या हातातले शास्त्र एकाच घराच्या पायात उतरेल. मुलींनीही या क्षेत्राकडे पाहावे. प्रयोगशाळेतील तपासणी, आरेखन, अंदाजपत्रक ही कामे त्या आज करीतच आहेत.

आणि पालकांना शेवटची एक विनंती. आपल्याकडे घराच्या रंगावर, दर्शनी भागावर, गेटवर खर्च करताना हात आखडत नाही, कारण ते चार लोकांना दिसते. पाया कोणालाच दिसत नाही, म्हणून कपात तेथे होते. यंदा ज्या घरी बांधकाम काढायचे असेल, त्यांनी विटांचा भाव विचारण्यापूर्वी दोन खड्डे खणून पाहावेत, मुरूम किती फुटांवर आहे ते लिहून ठेवावे, आणि तो कागद घेऊन अभियंत्याकडे जावे. नातलग, शेजारी यांपैकी कोणी प्लॉट घेत असेल तर त्यालाही एवढे सांगावे. आजच्या या तासाभरातून एका जरी कुटुंबाने तसे केले, तरी मला बोलावण्याचे आपले श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.